‘असेल’ आणि ‘आहेच’

१९८७ सालचा उन्हाळा. माझं वय बावीस. एसटी स्टँडासमोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो होतो. एक हवालदार आत आले आणि म्हणाले, "चला, दोन मिनिटांचं काम आहे. पंच पाहिजेत." पोलिसांना नाही म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती. जीप नीरा डाव्या कालव्याच्या कडेकडेनं एका उसाच्या फडापाशी थांबली. मी खाली उतरलो तेव्हा कोयता बारदानावर आधीच ठेवलेला होता. शेजारी आरोपी उकिडवा बसलेला, मान खाली. फौजदारांनी मांडीवर पॅड घेऊन पंचनामा लिहिला, कोयता कागदात गुंडाळला, लाखेचं सील लावलं. चिठ्ठीवर आणि पंचनाम्यावर आमच्या सह्या घेतल्या. त्यात काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. घरी येऊन जेवलो आणि विसरून गेलो.

अडीच वर्षांनी बारामतीच्या सत्र न्यायालयाचं समन्स आलं. पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी माझ्याच सहीचा पंचनामा वाचून दाखवला: आरोपीने पंचांसमक्ष स्वखुशीने निवेदन केले, पुढे चालत जाऊन जागा दाखवली, पाचटाखालून कोयता काढून दिला. मी म्हणालो, "सही माझी आहे. पण कोयता कुणी काढला ते मी पाहिलेलं नाही." मला फितूर ठरवण्यात आलं. पुढे आरोपी सुटला. पेपरात तीच नेहमीची ओळ आली, ‘सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’. गावानं तिचा अर्थ लावला: पंच फोडला.

काही महिन्यांनी आठवडे बाजारात ज्याचा खून झाला होता त्याची आई समोर आली. भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "लेकरा, तू पाह्यलं न्हाईस, बरं. मंग सही कशापायी केलीस?"

त्या माणसानं खून केला होता का? केला असेलही. मला आजही माहीत नाही. पण त्या बाईच्या प्रश्नानं मला वाचायला लावलं. वकिली शिकायला नव्हे. ‘असेल’पासून ‘आहेच’पर्यंत माणसं कशी पोचतात, एवढंच मला समजून घ्यायचं होतं.

आमचा मुलूख या बाबतीत जुना आहे. इंदापूर आणि सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतले परगणे. त्या काळी तंटा गोतसभेपुढे येई, दोन्हीकडचे साक्षीदार उभे राहत आणि निकालाचा महजर लिहिला जाई. साक्षीपुराव्यानं तंटा तुटला नाही तर दिव्य. रवादिव्यात कढत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, मग हातावर पिशवी बांधून सील करायची आणि ठरल्या दिवशी ती सोडून हात पाहायचा. फोड आले तर खोटा. विठ्ठल त्रिंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला ग्रंथ डेक्कन कॉलेजनं १९५३ साली प्रसिद्ध केला, त्यात या सगळ्याचा अभ्यास आहे. आज हे वाचून अंगावर काटा येतो. तरी त्या पद्धतीत एक कबुली होती: पुरावा कुठंतरी संपतो, त्यापुढं माणसाला कळत नाही. म्हणून ते उरलेला संशय देवाच्या पायाशी ठेवत. ठेवण्याची जागा चुकली. पण संशय उरतो, हे तरी त्यांना मान्य होतं.

लोकांच्या दरबारात तेवढंही मान्य नसतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी धरलं. ते धाडस इतिहासात नोंदलेलं आहे. पण आपल्या तोंडी राहिलं ते ‘ध’चा ‘मा’. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं, ही गोष्ट शाळेतलं पोरही सांगतं. अक्षर कुणाचं, शाई कोणती, कागद कुणाकुणाच्या हातून गेला, हे विचारायचं म्हटलं तर समोर ठेवायला कागदच नाही. आनंदीबाईंनी ते केलंही असेल. पण अडीचशे वर्षं आपण त्यांना ज्यावर दोषी धरत आलो, तो पुरावा नव्हे, तो वाक्प्रचार आहे.

पुढे इंग्रजांचा पुराव्याचा कायदा आला, १८७२ चा. तो लिहिला जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी. एखादी गोष्ट ‘शाबीत’ कधी झाली म्हणायची, याचं माप त्यांनी शहाण्या माणसाच्या हाती दिलं: ती इतकी संभवनीय वाटावी की विचारी माणसानं ती खरी धरून पाऊल टाकावं. देवाऐवजी शहाणा माणूस आला, हा बदल फार मोठा होता. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तीच व्याख्या कायम आहे.

मात्र १८७२ च्या त्या कायद्याच्या आदल्याच वर्षी, स्टीफन सरकारात कायदा-सदस्य असतानाच, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आधी उत्तर हिंदुस्थानात, आणि १९११ नंतर आपल्याकडेही. एका वर्षी सरकार म्हणालं की अमुक आईच्या पोटी जन्मला तो गुन्हेगार. पुढच्या वर्षी तेच सरकार म्हणालं की शाबीत झाल्याशिवाय कुणी गुन्हेगार नाही. पारध्यांच्या वाट्याला यातला पहिला कायदा आला. हजेरी, सेटलमेंट, तारेचं कुंपण. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, पण शहाण्या माणसाच्या डोक्यातून गेला नाही. आमच्या बारामती-इंदापूरच्या कुठल्याही गावात रात्री मोटार चोरीला गेली की सकाळी पहिली चौकशी कुठल्या पालावर होते, हे मी सांगायला नको.

‘शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये’ हे वाक्य आपण सगळ्यांनी भाषणांतून ऐकलंय. अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या कायदेपंडित ब्लॅकस्टोननं दहाच म्हटले होते. आकडा वाढत गेला तसं ते वाक्य स्वस्त झालं, असं मला वाटतं. कारण ज्याच्या घरातला माणूस मेलाय, त्याला शंभरातला एकही सुटलेला चालत नाही, आणि त्याचं काही चुकतही नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांना हे कळलं होतं. शिवाजी बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याच्या २७ ऑगस्ट १९७३ च्या निकालात त्यांनी आधी बजावलं की संशयाच्या फायद्याची अंधभक्ती नको, कारण दोषी सुटणं हाही अन्यायच. आणि त्याच निकालात लिहिलं की आरोपी दोषी असू शकतो एवढ्यानं भागत नाही, तो दोषी असलाच पाहिजे. या दोहोंमध्ये मनाला लांबचा पल्ला चालावा लागतो. त्या खटल्यात शिक्षा कायम झाली. पल्ला दाखवणारे न्यायमूर्ती स्वतः तो चालून गेले होते, म्हणून मला तो निकाल विशेष महत्त्वाचा वाटतो.

तो पल्ला चालायचा कसा, हे अकरा वर्षांनी पुण्याच्याच एका प्रकरणानं दाखवलं. लग्नाला चार महिने झालेली तरुणी जून १९८२ मध्ये सायनाइडनं गेली. नवऱ्याला पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयानं १७ जुलै १९८४ रोजी त्याला सोडलं. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायालयापुढं होती. त्यांतलं दुःख वाचून खुनाचा संशय येतो तसा आत्महत्येचाही येतो, आणि दुसरी शक्यता पुसली जात नाही तोवर पहिलीवर फाशी देता येत नाही. न्यायमूर्ती फझल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. वकील मंडळी त्यांना ‘पंचशील’ म्हणतात. पण मला थांबवलं ते त्याच निकालातल्या दुसऱ्या एका मुद्द्यानं: आरोपी खोटं बोलला म्हणून सरकारी पक्षाच्या साखळीतली तुटलेली कडी जोडली जात नाही.

हे पटायला मला फार वेळ लागला. खोटं बोलतोय म्हणजे यानंच केलंय, हा आपला चावडीवरचा न्याय. पण भ्यालेला माणूसही खोटं बोलतो. घरातली अब्रू झाकायलाही माणूस खोटं बोलतो. आणि मी? न पाहिलेल्या गोष्टीखाली सही करून मीही खोटंच बोललो होतो. तेवढ्यानं मी काही खुनी ठरत नव्हतो.

जून १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली होती. हे प्रकरण त्यांनी हाती घेतलं, दिलीप डिसोझा यांनी पुढे पुस्तकात त्यावर लिहिलं. आमच्या गावात मात्र चर्चा झाली ती ‘त्यानं काय केलं होतं’ एवढीच. मीही ती ऐकत बसलो होतो. तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की ‘असेल’ ते ‘आहेच’ हा पल्ला सगळ्यांसाठी सारखा लांब नाही. पुण्याच्या फ्लॅटमधल्या माणसासाठी तो सर्वोच्च न्यायालयानं फूट-फूट मोजला. पालावरच्या माणसासाठी तो एका ढांगेचा असतो.

याची सगळ्यात मोठी खूण आणखी एका खटल्यात आहे. ५ जून २००३ ची रात्र, पेरूच्या बागेतली झोपडी. पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. त्यातून एक आई आणि तिचा मुलगा वाचला. सहा जण पकडले गेले, सगळे भटक्या समाजातले, मजुरी करून खाणारे. २००६ साली सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. एक, दोन आणि दोन, असे पाच न्यायाधीश दोषाबद्दल एकमतानं बोलले होते.

आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी, आपलाच जुना निकाल मागे घेऊन, सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण कागदांत पहिल्यापासून होतं. घटनेनंतर लगेच पोलिसांनी त्या आईला नोंदीतल्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते आणि तिनं चौघांवर बोट ठेवलं होतं. हे सहा जण त्या चौघांत नव्हते. आणि त्या चौघांवर खटलाच चालला नव्हता.

त्या आईनं नंतर कोर्टात या सहांना ओळखलं. ती खोटं बोलली असं मी मुळीच म्हणणार नाही. तिच्यासमोर तिचं घर कापलं गेलं होतं. पोलिसांनी समोर आणलेले चेहरे त्या रात्रीच्या चेहऱ्यांवर बसले असतील, तर त्यात तिचा काय दोष? दोष त्यांचा, ज्यांनी पहिली ओळख दाबून ठेवली. आणि काही अंशी त्यांचा, ज्यांनी ती फायलीत असूनही पाहिली नाही. गरीब भटक्यांना यात गोवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे न्यायालयानं २०१९ ला स्पष्ट लिहिलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले, आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. सहांपैकी एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेसुद्धा २०१२ साली कळलं.

सुटकेची बातमी वाचली तेव्हा मला बाजारातली ती म्हातारी आठवली. तिला वाटलं होतं, मी साक्ष फिरवली म्हणून तिच्या मुलाचा खुनी सुटला. खरं तर तो मी फडाच्या बांधावर सही केली त्याच दिवशी सुटला. तोच खुनी असेल, तर पुरावा नीट गोळा केला गेला नाही म्हणून सुटला. दुसरा कुणी असेल, तर त्याला शोधायची गरज उरली नाही म्हणून सुटला. कच्च्या पुराव्यानं निरपराध्याचं वाटोळं होतं हे आपण बोलतो. मेलेल्याच्या आईचंही तितकंच होतं, हे बोलायचं राहून जातं. पेरूच्या बागेतल्या त्या आईलाही सोळा वर्षांनी सांगितलं गेलं की हे ते नव्हेत.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. झडती आणि जप्तीचं चित्रण आता सक्तीचं आहे, मोबाइलवर केलं तरी चालतं. चांगली गोष्ट आहे. पण कोयता बारदानावर ठेवून झाल्यावर मोबाइल सुरू केला, तर त्यात फक्त बारदानावरचा कोयताच दिसणार. त्याआधी काय झालं ते सांगणारा तिथं पंच म्हणून उभा असलेला माणूसच असतो, तुमच्या-माझ्यासारखा, चहा अर्धा टाकून आलेला.

तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. पंच म्हणून बोलावलं तर टाळू नका, जा. आरोपी पुढं चालतोय का, वस्तू कुठून निघते, कुणाच्या हातानं निघते, ते जवळ उभं राहून पाहा. पंचनामा पूर्ण वाचायला मागा, अंधार पडला तरी. पाहिलं तेवढंच लिहिलं असेल तर सही करा. नसेल तर करू नका, आणि का करत नाही ते तिथंच सांगा.