वाहत्या पाण्याकाठची काटकसर

वुजू करताना पाणी जपून वापरावे, ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाच्या कानावर लहानपणीच पडलेली असते. कुणाला मदरशातल्या उस्तादांनी सांगितलेली असते, तर कुणाला आजीने, घरातली तोटी बंद करता करता. तिच्यामागे एक प्रसिद्ध रिवायत आहे. हजरत साद (रजि.) वुजू करताना पाणी सढळ हाताने वापरत होते, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना हटकले, वुजूसारख्या पवित्र कामातही उधळपट्टी असू शकते, आणि माणूस वाहत्या नदीकाठी बसलेला असला तरी असू शकते, असे बजावले. इब्ने माजाच्या संग्रहातल्या या रिवायतीच्या सनदेविषयी मुहद्दिसांनी शंका घेतल्या आहेत. पण पैगंबर स्वतः एक मुद्द पाण्यात वुजू करीत, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरली ओंजळ. पाऊण लिटरच्या आतबाहेर.

वाळवंटातल्या माणसाने पाणी जपावे, हे समजण्यासारखे आहे. पण वाहत्या नदीच्या काठी? तिथे चार ओंजळी जास्त घेतल्या आणि तिथेच सांडल्या, तर पाणी नदीतच परत जाते. कुणाचे काही बिघडत नाही. मग जिथे कुणाचेच नुकसान नाही, तिथे दोष कसला? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. चांगले-वाईट आपण बहुतेक वेळा परिणामांवरून ठरवतो. कुणाला इजा झाली तर वाईट, नाही तर चालेल. नदीकाठची ती ताकीद या हिशोबात बसत नाही. म्हणून तिचा अर्थ कुठेतरी आणखी खोल असला पाहिजे.

आम्ही दोघे, पती-पत्नी, लातूरचे. उमेदीची सगळी वर्षे शाळेत शिकवण्यात गेली. पाण्याचा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लागलेले आम्ही पाहिले आहे, आणि एप्रिलात मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून आलेली पाण्याची रेल्वेही. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. आमच्या गल्लीत तेव्हा भांडी घासलेले पाणी झाडाला आणि कपडे धुतलेले पाणी संडासाला, असा शिरस्ता होता. ती सवय अजून सुटलेली नाही.

असे आम्ही २०२४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत लेकीकडे गेलो. ती डेट्रॉइटजवळ राहते. भूगोलाच्या तासाला पंचमहासरोवरांची नावे मुलांकडून पाठ करून घेण्यात आमचे आयुष्य गेले होते: सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी, ऑन्टॅरिओ. जावयाने आपली गाडी दिली, कॅनडाचा व्हिसा आधीच काढून ठेवलेला होता, आणि आम्ही सुपीरियर सरोवराला एक वळसा घालून यायचे ठरवले. काठाकाठाने जाणारा हा रस्ता साधारण २,१०० किलोमीटरचा आहे आणि वाटेवर जागोजाग त्याचे फलक लावलेले आहेत. आठ किलोमीटर लांबीचा मॅकिनॉ पूल ओलांडून आम्ही सू सेंट मेरीला सीमा पार केली, कॅनडाच्या बाजूने थंडर बेपर्यंत गेलो, तिथून खाली डुलुथला उतरलो आणि दक्षिण किनाऱ्याने परतलो. दहा दिवस लागले. मुसाफिराची सवलत होती, म्हणून नमाज कसर करीत होतो. दिवस मात्र रात्री साडेनऊ-दहापर्यंत मावळत नसे.

सुपीरियरला सरोवर म्हणणे ही केवळ भूगोलाची सोय आहे. समोरचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वादळात मोठाली जहाजे बुडालेली आहेत. १९७५ च्या नोव्हेंबरात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे मालवाहू जहाज २९ माणसांसह इथेच तळाला गेले. क्षेत्रफळ ८२,१०० चौरस किलोमीटर. सबंध मराठवाडा त्यात ठेवला तरी भोवती पाणी उरेल. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. जगाच्या पाठीवरील गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत आहे. स्थानिक ओजिब्वे लोक सुपीरियरला ‘गिचिगामी’ म्हणतात, म्हणजे मोठे पाणी. आम्ही त्याच्या काठी दगडांवर बसून जोहरसाठी वुजू केला. जुलै महिन्यातही पाणी हाडांत शिरेल इतके थंड. आमच्याकडे प्लास्टिकचा लहान तांब्या होता. समोर अथांग पाणी असताना आम्ही दोघांनी एकेक तांब्याच घेतला. कुणी कुणाला सांगितले नव्हते.

त्या रात्री मुक्कामावर आमच्यात दोन मते पडली. एकाचे म्हणणे असे, की इतके पाणी इथे नुसते पडून आहे आणि तिकडे लातूरला माणसे घागरी घेऊन उभी राहिली; अल्लाहने दिलेले पाणी असे अडवून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. दुसऱ्याचे म्हणणे, की हे पाणी अमानत आहे, आणि अमानतीचा राखणदार ती उदारपणाने वाटू लागला, तर तो उदार नव्हे, बेजबाबदार ठरतो.

हा वाद त्या भागात खरोखरच घडून गेलेला आहे. १९९८ मध्ये ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने एका कंपनीला सुपीरियरमधून वर्षाला ६० कोटी लिटर पाणी जहाजाने आशियात नेऊन विकण्याचा परवाना दिला होता. बातमी फुटताच दोन्ही देशांत गदारोळ झाला आणि परवाना रद्द करावा लागला. आता हिशोब पाहा. सरोवरात सुमारे १२,१०० घन किलोमीटर पाणी आहे. वर्षाला ६० कोटी लिटर म्हणजे त्याचा दोन कोटींतला एक भाग. वरून थेंबभर पाऊस पडला नाही, तरी सरोवर रिते व्हायला दोन कोटी वर्षे लागली असती. मग लोक खवळले कशाने? वाहत्या नदीकाठचाच हा प्रश्न, फक्त ओंजळीच्या जागी जहाज.

लोकांची भीती परवानगीला होती, त्या एका जहाजाला नव्हती. पाणी हा एकदा बाजारातला माल ठरला, की व्यापार करारांच्या जोरावर दुसरा, तिसरा, शंभरावा गिऱ्हाईक येणार आणि त्याला नाही म्हणता येणार नाही. शिवाय पाचही सरोवरांतले बहुतेक पाणी हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाचे आहे. पाऊस आणि हिमवर्षावाने दरवर्षी त्यातले जेमतेम एक टक्का नवे होते. दिसते अथांग, पण ती ठेव आहे, मिळकत नव्हे. मोठे पाणी संपत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी अरल समुद्राकडे पाहावे. १९६० मध्ये तो जगातला चौथ्या क्रमांकाचा सरोवर होता. कापसाच्या शेतीसाठी त्याला मिळणाऱ्या नद्या वळवल्या गेल्या, आणि उझबेकिस्तानात काराकल्पाकांच्या मुयनाक बंदरात आज जहाजे वाळूत रुतून उभी आहेत.

अखेर २००८ मध्ये अमेरिकेतल्या आठ राज्यांमधला करार अमलात आला. या सरोवरांच्या खोऱ्याबाहेर पाणी न्यायला त्याने जवळजवळ बंदी घातली. कॅनडाच्या दोन प्रांतांनी तशीच कलमे मान्य केली. म्हणजे जगाच्या पाठीवरील गोड्या पाण्याच्या पाचव्या हिश्श्यावर बसलेल्यांनी दार लावून घेतले. हा बुख्ल झाला, की अमानतदारी?

आपल्या परंपरेत या प्रश्नाची एक जुनी वाट आहे. जमजमचा झरा फुटल्यावर जुरहुम कबिल्याचे लोक हजरत हाजरा यांच्याकडे आले आणि तिथे वस्ती करण्याची परवानगी मागू लागले. बुखारीतल्या हकीकतीनुसार त्यांनी राहू दिले, पण एक अट घातली: पाण्यावर मालकी सांगता येणार नाही. ओसाड जागी लेकरासह एकट्या पडलेल्या त्या माउलीने पाणी नाकारले नाही आणि विकलेही नाही. पुढे फकीह मंडळींनी हाच भेद नीट मांडून ठेवला. हनफी फिकहमध्ये ‘शफा’ म्हणजे तहान भागवण्याचा हक्क आणि ‘शिर्ब’ म्हणजे शेताला पाणी देण्याची पाळी. शिर्ब ठरलेल्या लोकांचा असू शकतो, त्याची वाटणी होते, तंटे होतात. शफा मात्र माणसाचा आणि जनावराचा, कुणाचाही. कालवा दुसऱ्याचा असला, तरी तहानलेल्याला हाकलता येत नाही.

हा भेद हाती आला आणि आमच्यातला वाद बराच निवळला. खोऱ्याबाहेरच्या व्यापाऱ्याला नाही म्हणणे म्हणजे बुख्ल नव्हे. खरी कसोटी तहानलेल्याशी आपण कसे वागतो, ही आहे. या कसोटीला मात्र ती सरोवरेही पुरी उतरत नाहीत, हे आम्हाला त्याच रस्त्यावर कळले.

डेट्रॉइटहून उत्तरेला जाताना दीड तासाच्या आत फ्लिंट लागते. २०१४ मध्ये लाखभर वस्ती असलेले हे गाव; त्यात कृष्णवर्णीय जास्त, गरिबी बेसुमार. २०१४ च्या एप्रिलात खर्च वाचवण्यासाठी गावाचा ह्युरॉन सरोवराकडून येणारा पुरवठा तोडून फ्लिंट नदीचे पाणी सुरू करण्यात आले. पाण्यावर योग्य प्रक्रिया केली गेली नाही, जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले आणि ते मुलांच्या रक्तात सापडले. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि अधिकारी पाणी चांगले असल्याचे सांगत होते. पुरवठा पूर्ववत व्हायला २०१५ चा ऑक्टोबर उजाडला. त्याच २०१४ साली डेट्रॉइटमध्ये बिले थकली म्हणून हजारो घरांचे नळ तोडले गेले, इतके की संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना येऊन पाहणी करावी लागली. आणि २०१८ मध्ये, त्याच मिशिगन राज्यात, बाटलीबंद पाण्याच्या एका बड्या कंपनीला मिनिटाला सुमारे १,५०० लिटर भूजल उपसण्याची मंजुरी मिळाली. त्यासाठी सरकारला द्यायची रक्कम वर्षाला २०० डॉलर. मोठमोठे पाट अडवणाऱ्या त्या करारात २० लिटरहून लहान भांड्यांचा निर्णय ज्या त्या राज्यावर सोडलेला आहे. कालव्याने नेले तर गुन्हा, बाटलीने नेले तर धंदा.

हे वाचून आपण दुरून मान हलवण्याचे कारण नाही. महाडच्या चवदार तळ्याची आठवण प्रत्येक मराठी माणसाला आहे. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी तिथे ओंजळ भरली, तोवर त्या तळ्यावर अस्पृश्य मानलेल्यांना मज्जाव होता. मुसलमानांना नव्हता. गुराढोरांनाही नव्हता. आपल्या बापजाद्यांना शफाचा मसला ठाऊक होता आणि तळ्याचे पाणीही मिळत होते. पण शेजारी जो तहानलेला उभा होता, त्याच्यासाठी तो मसला बोलून दाखवल्याचे फारसे ऐकिवात नाही. स्वतःच्या वाट्याचे पाणी जपून वापरणे ही अर्धी अमानत. दुसऱ्याची ओंजळ रिकामी का, हे विचारणे ही उरलेली अर्धी.

थंडर बेमध्ये जोसेफीन मँडॅमिन नावाच्या एका अनिशिनाबे आजीविषयी कळले. २००३ मध्ये त्या तांब्याच्या कळशीत पाणी घेऊन सुपीरियरभोवती पायी चालल्या. पुढे पाचही सरोवरांच्या काठाने चालल्या. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. आम्ही गाडीच्या काचेआडून जो वळसा दहा दिवसांत घातला, तो त्यांनी पायांनी घातला होता. कळशीभर पाण्याने सरोवराच्या पातळीत काय फरक पडतो? काहीच नाही. पण त्या वजन उचलून चालल्या, म्हणून पाण्याचे वजन इतरांना जाणवले. वुजूची एक मुद्द आम्हाला तशीच वाटते.

नकाराला जोडून होकार कसा द्यावा, याचाही एक दाखला तिथे आहे. विस्कॉन्सिन राज्यातले वॉकेशा हे शहर मिशिगन सरोवरापासून जवळ, पण खोऱ्याच्या बाहेर पडते. त्यांच्या भूजलात रेडियम निघाले. २०१६ मध्ये आठही राज्यांच्या राज्यपालांनी मिळून त्यांना सरोवराचे पाणी मंजूर केले, दिवसाला सुमारे ३ कोटी १० लाख लिटरपर्यंत. पण वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा सरोवराच्या खोऱ्यात सोडायचे, या अटीवर. २०२३ मध्ये ते पाणी सुरू झाले. गरज खरी असेल तर घ्या, लागेल तेवढेच घ्या आणि परत करा. नदीकाठच्या वुजूची शिस्त एका शहराला लावली, तर ती याहून वेगळी काय असेल?

म्हणून आम्हाला त्या ताकिदीचा अर्थ आता असा लागतो. टंचाईत केलेली काटकसर ही लाचारी असते. तिच्यातून माणसाची पारख होत नाही. ती होते तुडुंब पाण्यापाशी. तिथे हात आखडणारा माणूस तुटवड्याला भिऊन तसे करीत नाही. समोरचे पाणी आपले नाही, हे तो ओळखून असतो. जे आपले नाही, ते कितीही असले तरी सांडायचे नसते. आणि जे आपले नाही, ते मागायला आलेल्या तहानलेल्याला नाकारायचेही नसते. दोन्ही गोष्टी एकाच कबुलीतून येतात.

आता प्रश्न सुपीरियरचा नाही, आपला आहे. ज्या मराठवाड्याने रेल्वेने आलेले पाणी प्यायले, तोच मराठवाडा चार पाऊस बरे पडले की उसाला पाटाने पाणी सोडतो. आपल्या मशिदींच्या वुजूखान्यांत मांजरा धरण भरलेल्या वर्षी तोट्या धो-धो वाहतात आणि कोरड्या वर्षी तिथेच सूचना लागतात. सूचना लावायचीच असेल, तर ती धरण भरलेल्या वर्षी लावावी. आणि तिच्याखाली, मशिदीच्या बाहेरच्या भिंतीला, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही पिता येईल असा एक नळ बसवावा.