वरच्याने जपायचं

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात टेल्युराइड नावाचं जुनं खाणगाव आहे. तिन्ही बाजूंनी सॅन हुआनचे डोंगर, उंची सुमारे २,६७० मीटर. खाणींचे दिवस सरले. १९७२ पासून लोक इथे येतात ते बर्फावर स्कीइंग करायला.

मित्रांचं टोळकं आलं की त्यात एखादा पट्टीचा असतो, एखादा अगदी नवखा. नवखा दोन्ही स्कींची टोकं जवळ आणतो, टाचा फाकवतो, गुडघे वाकवतो आणि जीव मुठीत धरून हळूहळू उतरतो. वरून भरधाव येणाऱ्याला त्याची अडचणच वाटावी. पण तिथला नियम मला फार मोलाचा वाटतो. जो पुढे आहे, खाली आहे, त्याचा हक्क पहिला. त्याला पाठीमागचं दिसत नाही, वरच्याला सगळं दिसतं. म्हणून चुकवून जायचं ते वरच्यानेच. पडलात तरी दोष तुमच्या हळू चालीचा नाही, हे नवख्याला केवढं बळ देत असेल!

पट्टीचा मित्र उताराच्या कडेला, वरून नीट दिसेल अशा जागी थांबतो. नवखा धापा टाकत पोहोचतो. तेव्हा हा लगेच पुढे निघत नाही. त्यालाही दम खाऊ देतो.