दुधाचा हिशेब

मे महिना, विदर्भातलं ग्रामीण रुग्णालय. मी तेव्हा नवीन डॉक्टर होतो आणि केसपेपर भराभर लिहायचो. एका दुपारी एका निवृत्त गुरुजींना दोघांनी धरून आणलं. पाय दारुड्यासारखे पडत होते, हात झटके देत होते, शब्द जिभेवर अडखळत होते. धाकटा भाऊ म्हणाला, "दादाला पुन्हा तेच झालंय. अकरा वर्षं लिथियम चालू आहे."

'तेच' म्हणजे उन्माद. मी केसपेपरवर 'जुना मनोविकार उलटला' असं लिहून टाकलं आणि सिस्टरना इंजेक्शन भरायला सांगितलं. जुन्या आजाराचं नाव कळलं की किती बरं वाटतं! मग तपासायचीही घाई राहत नाही.

बायको मागे उभी होती. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे तसं नाही हो. तसं होतं तेव्हा हे झोपतच नाहीत. रात्रभर गातात, शेताचे हिशेब मांडतात. आता चहाचा कपसुद्धा ओठाला लागत नाही."

मी ऐकल्यासारखं केलं. तेव्हा तिने पदराखालून गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. भिंतीवरून उतरवलेलं कालनिर्णयचं पान होतं. प्रत्येक चौकोनात दुधाचा हिशेब आणि त्याखाली पेन्सिलीने एक आकडा.

"झोपेचे तास," ती म्हणाली. "दोन-तीनवर आले की मी ओळखते."

आकडे आठ, नऊ, आठ असे चालले होते. 4 तारखेला लिहिलं होतं, 'गुडघा, मेडिकलची गोळी.' 9 ला, 'मीठ बंद.' कुणीतरी बीपीला मीठ वाईट म्हणून सांगितलं होतं. 13 ला, 'उलट्या.' त्यानंतर झोप अकरा, चौदा.

मी खुर्चीत नीट बसलो.

1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केडने लिथियम उन्मादावर वापरून दाखवलं. औषध गुणी, पण गुण आणि विष यांच्यात फार अंतर नाही. शिवाय ते मिठाचं चुलतभावंड. अंगातलं मीठ आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, आणि त्याबरोबर लिथियमही. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्याही त्याला बाहेर पडू देत नाहीत. त्यात मे महिन्याचा घाम! ठरलेला डोस रोज इमानाने घेऊनही गुरुजींच्या रक्तात तो साचत गेला होता.

सिस्टरच्या हातातलं इंजेक्शन मी ट्रेमध्ये ठेवायला लावलं. लिथियम बंद, गुडघ्याची गोळी बंद, सलाईन चालू, आणि ॲम्ब्युलन्स नागपूरला. पातळी 1.2 च्या आत हवी, ती 2.8 निघाली. तिथे दोनदा डायलिसिस झालं.

केसपेपरवरची माझी ओळ मी खोडली. पण पेन जोरात चाललं होतं, खालच्या कार्बन प्रतीत ती अजून तशीच दिसते.

महिन्याभराने गुरुजी स्वतःच्या पायांनी आले. लिथियम पुन्हा सुरू झालं होतं, मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवलेल्या कमी डोसात, रक्ततपासणीच्या तारखांसकट. चहा मागवला. कप उचलताना बोटं जरा थरथरली, पण बशीत थेंब पडला नाही. बाई कपाकडेच बघत होत्या.

आता कुणाला धरून आणलं की मी आधी बरोबरच्या माणसाला विचारतो, "घरी कॅलेंडर आहे का?" वॉर्डबॉय हसतात.