अधिकार कोणाचा?

बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात लेथवरून उतरलेला जॉब मायक्रोमीटरच्या जबड्यात धरला की, तो घडविणारा हात मराठी की कानडी, पुरुषाचा की स्त्रीचा, हे त्या मापाला कळत नाही. परंतु त्या लेथपाशी मुळात कोणाला उभे करावयाचे, हे मायक्रोमीटर ठरवीत नाही, माणूस ठरवितो, आणि तो ते ठरवीत असताना अमुक कर्माला अमुक देहाचा वा जन्माचाच मनुष्य पात्र, हा अधिकारभेदाचा जुना सिद्धांत त्याच्या मनात बहुधा जागाच असतो.

हा सिद्धांत यज्ञमंडपापुरता राहिला नाही, चित्रसृष्टीच्या रंगपेटीपर्यंत येऊन पोहोचला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला, त्या वेळी कॅमेऱ्यासमोर उभी राहण्यास एकही स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना दादासाहेब फाळक्यांनी तारामती केले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम करून, स्त्रीने पडद्यावर येऊ नये हा समज मोडला. (सरस्वतीबाई फाळके पडद्यामागे फिल्मची छिद्रे पाडण्यापासून सर्व कामे करीत होत्याच, पण अदृश्य श्रमाला अधिकार विचारण्याची तसदी कोण घेतो?) पुढे स्त्रिया पडद्यावर स्थिरावल्या, तरी मुंबईतील वेशभूषा-रंगभूषाकारांच्या संघटनेने स्त्रीला केशभूषेची मुभा देऊन रंगभूषेचा कुंचला हाती धरण्यास मात्र मज्जाव केला, आणि ही मनाई अनेक दशके चालली. पुरुषांच्या पोटावर पाय येईल, ही संघटनेची मुख्य सबब.

सबब म्हणून ती क्षुद्र नाही. भूक सर्वांनाच असते. परंतु गीतेतील स्वधर्माचा आधार घेऊन जो कोणी अशा कुंपणाचे समर्थन करील, त्याला विचारावेसे वाटते की, स्वतःचे कर्म न सोडण्याचा तो उपदेश कर्त्याला आहे की दुसऱ्याचे दार लावून घेणाऱ्याला? याच कन्नड भूमीत बाराव्या शतकात बसवण्णांनी कायकाला, म्हणजे श्रमाला, उपासनेची प्रतिष्ठा दिली, आणि त्यांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, परीट माचिदेव व नावाडी चौडय्या मानाने बसले. तेथे पात्रतेची कसोटी काम हीच होती. ती कसोटी लावायची तर उमेदवाराला आधी कामावर घ्यावे लागते. दारावरच नकार देणारा परीक्षा घेत नाही, परीक्षा टाळतो.

रंगभूषाकार चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी स्त्रियांना रंगभूषेची ही मनाई बेकायदा ठरविली. संघटनेच्या त्याच नियमावलीत आणखी एक अट होती, जिच्याकडे आम्हां सीमाभागातल्या लोकांचे लक्ष विशेष जावे: सभासदत्वासाठी महाराष्ट्रातील पाच वर्षांच्या रहिवासाची. बेळगाव-निपाणीचा मराठी रंगभूषाकार त्या अटीप्रमाणे परकाच ठरत होता. न्यायालयाने तीही त्याच निकालाने रद्द केली.