एका आकड्यात न मावणारं कालव

पोषणमूल्यांच्या तक्त्यात कालवाच्या वाट्याला एक ओळ येते. प्रथिनं इतकी, मेद इतका, जस्त इतकं. कालव कुठल्या महिन्यातलं, कुठल्या खाडीतलं, विणीआधीचं की नंतरचं, याचा तिथे बहुधा उल्लेख नसतो. कोठारातल्या तांदळाला किंवा डाळीला हा हिशेब चालून जातो. कालवाला चालत नाही, कारण त्याचं अंग वर्षभर भरत आणि झडत असतं.

पाण्यात सूक्ष्म वनस्पतींची रेलचेल असते तेव्हा कालव खाऊन उरलेलं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. सुगीत कणगी भरावी तशी ही बेगमी. भरात आलेल्या कालवाच्या सुक्या मांसात ग्लायकोजेन २०-२५ टक्क्यांपर्यंत चढू शकतं. वीण जवळ आली की हाच साठा मोडून अंडी आणि शुक्रपेशी घडतात. कर्बोदकं उतरतात, अंड्यांच्या निमित्तानं मेद वाढतो. एकेका मादीची अंडी कोटींच्या घरात जातात आणि ती पाण्यात सुटली की आईच्या अंगात फारसं काही उरत नाही. हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. विणीआधीचं कालव उघडलं तर मांस दुधट, फुगलेलं, आतली पाचकग्रंथी पार झाकून टाकणारं. विणीनंतर तेच पातळ, पाणचट, आरपार दिसेल असं. मधली हिरवट-काळी ग्रंथी उघडी पडलेली. तक्त्यातली ओळ यांपैकी कोणाची?

शिनाण्यांत (मसल्समध्ये) तर ही उलाढाल एकाच जागी चालते. शिंपल्याला आतून अस्तरासारखं लागून असलेलं प्रावरण हेच त्यांचं कोठार, आणि जननपेशीही बहुतांश त्याच्यातच वाढतात. पिकलेल्या मादीचं प्रावरण नारिंगी, नराचं दुधी पांढरं. आपण चवीनं खातो तो भाग म्हणजे पुढच्या पिढीची तयारी.

चवीचं कारण मला याहूनही विलक्षण वाटतं. समुद्राचं पाणी खारट झालं की आपल्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून हे प्राणी पेशींत ग्लायसिन, अ‍ॅलॅनिन अशी मुक्त अमिनो आम्लं वाढवतात. ही दोन्ही जिभेला गोड लागतात. पावसानं खाडी गोडी झाली की तीच आम्लं कमी केली जातात. म्हणजे पाणी खारं तेव्हा मांस गोड, आणि पाणी गोडं झालं की मांस बेचव. मुसळधार पावसात कालव शिंपा घट्ट मिटून बसतं. खाणं बंद, आणि श्वासाविना तग धरताना उरलंसुरलं ग्लायकोजेनही खर्ची पडतं.

युरोपात जुना दंडक आहे: ज्या इंग्रजी महिन्याच्या नावात 'आर' नाही, त्या महिन्यात कालव खाऊ नये. मे ते ऑगस्ट वर्ज्य. तिथलं चपटं देशी कालव पिल्लं शिंपल्यातच सांभाळतं. त्यांना कवच येऊ लागलं की मांस दाताखाली कचकचतं. उन्हाळा टाळण्याची ही रीत युरोपापुरती नाही. अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील सेंट कॅथरिन्स बेटावर तिथल्या जुन्या रहिवाशांनी रचलेलं, ४००० वर्षांहून जुनं शिंपल्यांचं प्रचंड कडं आहे. कालवावर जगणारी एक चिमुकली गोगलगाय वर्षभरच जगते, म्हणून तिच्या लांबीवरून कालव कधी काढलं ते कळतं. २०१९ साली संशोधकांनी तसं मोजून दाखवलं की त्या लोकांनी कालवं प्रामुख्यानं उन्हाळा सोडून काढली होती.

हा दंडक कोकणात जसाच्या तसा लावणं चूक आहे. मुंबईच्या कालवावर १९३१ सालीच एक सबंध ग्रंथ निघाला, म्हणजे विषय आपल्याकडे नवा नाही. इथल्या विणीला थंडी-उन्हाळ्यापेक्षा पावसाची चाहूल अधिक भावते. खाडीच्या कालवांची वीण मुख्यतः पावसाळ्यातली. 'आर'चा नियम सप्टेंबरला हिरवा कंदील दाखवतो, तेव्हा आपल्याकडचं कालव नुकतं रितं झालेलं असू शकतं. शिवाय पावसाचं पाणी गावोगावची घाण खाडीत आणतं आणि पाणी गाळून जगणारा हा जीव ती अंगात साठवतो.

अमेरिकेत १९८०च्या दशकात गुणसूत्रांचे तीन संच असलेली कालवं तयार झाली. ती जवळजवळ विणतच नाहीत, त्यामुळे भर उन्हाळ्यातही लठ्ठ राहतात. हॉटेलांची सोय झाली. मला त्यात एक किंमत दिसते: तक्त्यातला एकच आकडा बारा महिने खरा ठरवायचा, तर त्या जीवाचं ऋतुचक्रच काढून घ्यावं लागलं.

आपल्या किनाऱ्यावर ती वेळ यायला नको. अन्नघटकांचे तक्ते करणाऱ्यांनी कालवं, तिसऱ्या, शिनाणे यांच्या ओळीत महिना आणि खाडी असे दोन रकाने वाढवावेत. पावसाळ्यात त्यांना खडकावर आणि वाळूत सुखानं विणू द्यावं. आणि बाजारात वाटा घेताना आपण कोळीण मावशींना एवढं जरूर विचारावं: कुठली, आणि कधी काढलेली?