कावळा, फांदी आणि काळा पडदा

हुबळीच्या विद्यानगरात 1947 साली सुरू झालेलं बीव्हीबी इंजिनिअरिंग कॉलेज आता केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ झालं आहे. समजा, तिथल्याच एखाद्या विद्यार्थ्याने रात्री लॅपटॉपवर उबुंटूची नवी आवृत्ती चढवली आणि सकाळी बटण दाबलं, तर समोर नुसता काळा पडदा. त्याच्या मनात लगेच दोन वाक्यं येतात: 'मशीन गेलं' आणि 'अपग्रेडनं घात केला'.

यातलं पहिलं वाक्य वेदान्तातल्या, अंधारात दोरीवर भासणाऱ्या सापासारखं आहे. जुन्या हुबळीत सिद्धारूढ स्वामींचा मठ आहे. 1929 साली देह ठेवलेल्या या स्वामींची शिकवण अद्वैताची, आणि अद्वैत समजावताना हा साप निघाल्याशिवाय राहत नाही. इथेही तसंच: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 या कळा एकदम दाबल्या, की त्याच काळ्या पडद्यावर पुष्कळदा साध्या अक्षरांत लॉगिन विचारलं जातं. यंत्र जिवंतच असतं, फक्त चित्र रंगवणारा थर उठलेला नसतो. नवा कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, आला, पण एनव्हीडियाचं ग्राफिक्स मॉड्यूल त्याच्यासाठी बांधलं गेलं नाही; किंवा सहीची तपासणी करणारं सिक्युअर बूट चालू असल्यामुळे सही नसलेलं मॉड्यूल कर्नलने आत घेतलं नाही. कारण बहुधा एवढंच निघतं.

दुसरं वाक्य जास्त फसवं आहे, कारण ते कधीकधी खरं असतं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असं आपण म्हणतो. संस्कृतात हाच काकतालीय न्याय. एक गोष्ट दुसरीच्या मागून आली, एवढ्यावर न्यायदर्शनाचे पंडित, नैयायिक, कारण मानत नाहीत. त्यांना अन्वय हवा आणि व्यतिरेकही: ते असताना घडतं का, आणि ते नसताना घडायचं थांबतं का? ग्रब हा बूटलोडर जुना कर्नल यादीत राखून ठेवतो, तो नेमका या व्यतिरेकासाठीच असावा असं वाटतं. जुन्या कर्नलवर चित्र आलं तर संशय नव्या कर्नलवर आणि त्याच्या मॉड्यूलवर. नाही आलं तर शोध दुसरीकडे.

दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. जुलै 2020 मध्ये ग्रबमधलं 'बूटहोल' हे भगदाड बुजवणारी दुरुस्ती आली आणि रेड हॅट, सेंटओएसची कित्येक यंत्रं सुरूच होईनात. तिथे कावळ्यानेच फांदी मोडली होती. ऑगस्ट 2024 मध्ये मात्र विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदणाऱ्या यंत्रांवर लिनक्स अचानक उठेना, आणि दोष होता विंडोजच्या एका अपडेटचा. त्याने जुन्या बूटलोडरना सिक्युअर बूटच्या दारातच अडवलं. ग्रबची यादीही दिसत नसल्यामुळे जुना कर्नल निवडून पाहण्याची सोय उरली नाही. व्यतिरेक पाहायचा तर सिक्युअर बूट बंद करूनच. आदल्या रात्री ज्याने लिनक्स अपग्रेड केलं असेल, त्याने निरपराध लिनक्सलाच शिव्या घातल्या असतील.

अपग्रेड मध्येच तुटून अर्धवट बसलेल्या पॅकेजांची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. मध्येच वीज गेली, तर कोणती पॅकेजं उलगडली पण मांडली गेली नाहीत याची नोंद पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीकडे असते, आणि राहिलेलं काम ते त्या नोंदीवरून पुरं करू शकतं.

गौतमाच्या न्यायसूत्रांतलं दुसरंच सूत्र दुःखापासून मागे मागे जात मिथ्याज्ञानापर्यंत पोहोचतं: दुःखामागे जन्म, त्यामागे प्रवृत्ती, दोष आणि शेवटी चुकीचं ज्ञान. ते हटलं की पुढची साखळी क्रमाने सुटते. गौतमाला मोक्ष हवा होता, विद्यार्थ्याला सकाळची असाइनमेंट. पण काळ्या पडद्यापासून डिस्प्ले मॅनेजर, मॉड्यूल, कर्नल असं मागे सरकण्याची शिस्त तीच आहे.

मग दैव? वैशेषिक दर्शनाच्या पंडितांनी 'अदृष्ट', म्हणजे न दिसणारं, असं एक कारण मानलं होतं. सुई चुंबकाकडे का धावते, याचं उत्तर ते त्यात शोधत. दृष्ट कारणं संपल्यावरच अदृष्टाकडे वळायचं, हा क्रम योग्यच म्हणायला हवा. चुंबक त्या यादीतून केव्हाच बाहेर पडला. काळा पडदा तर त्या यादीत कधी नव्हताच. म्हणून व्यतिरेक पाहायची सोय हाताशी राहावी यासाठी विद्यार्थ्याने नव्या कर्नलवर दोन-चार दिवस नीट काम होईपर्यंत जुना पुसू नये.