शाळेची किल्ली आणि माळकऱ्याचा संकोच

गेल्या चातुर्मासात सोलापुरात पूर्व भागातील एका देवळात सात दिवस कीर्तनसेवा होती. पाचव्या दिवशी आरती झाली, मंडळी पांगली, आणि एक बाई मागे राहिल्या. गळ्यात माळ, बोटांना तंबाखूचा वास. विड्या वळून प्रपंच चालविणाऱ्या. पाया पडून म्हणाल्या, "महाराज, माझी पोर महापालिकेच्या शाळेत सातवीत हाय. शाळेच्या समितीला उभं राहा म्हणून बायका मागं लागल्यात. पण 'मला निवडा' म्हणायचं म्हणजे मीपणा आलाच की. मग माळ घालून काय उपयोग? तुम्हीच सांगा, राहू का नको?"

सज्जनहो, त्या रात्री मजला झोप आली नाही. हाच प्रश्न पंचवीस-तीस वर्षांपूर्वी माझ्या दारी आला होता आणि मी त्याला दारातूनच परत धाडले होते. माझी मुले तेव्हा गावच्या शाळेत शिकत होती. ग्राम शिक्षण समितीवर तुमचे नाव घालतो, असे चार गावकरी म्हणाले. मी म्हणालो, "आम्ही माळकरी, आम्हांस राजकारण नको." लोकांनी माझी वाहवा केली. पुढे शाळेच्या दुरुस्तीचे पैसे आले आणि गेले. दोन खोल्या गळतच राहिल्या, आणि दोन पावसाळे मुले मारुतीच्या देवळात बसली. त्यात माझीही होती. मी मात्र 'स्वच्छ' राहिलो, आणि त्या स्वच्छतेचे मला मोठे कौतुक होते, बरे का!

आता ही समिती म्हणजे काय, ते पाहू. पूर्वी मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ याखाली नगरपालिकांची शिक्षण मंडळे असत. त्यांचे सभासद नगरसेवकांनी निवडायचे. विडी वळणाऱ्या बाईला तेथे कोण विचारतो? ती मंडळे बंद करण्याचा कायदा २०१३ साली झाला. परंतु त्याआधीच बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमाने अशा शाळांना व्यवस्थापन समिती दिली. तीत निदान तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कारभारावर देखरेख, विकासाचा आराखडा, आलेले अनुदान कोठे खर्च झाले याची पाहणी, ही तिची कामे. आपल्या राज्यात पालकांची निवड पालकसभेत होते, अध्यक्ष पालकांतलाच असतो आणि मुख्याध्यापक सचिव.

आम्ही जुन्या पाठशाळेत शिकलेले. वेदान्ताच्या ग्रंथारंभी चार गोष्टी पाहाव्यात असे आम्हांस शिकविले: अधिकारी कोण, विषय काय, संबंध काय, प्रयोजन काय. तेथे 'अधिकार' याचा अर्थ हुकूम चालविण्याची सत्ता असा नव्हे; अधिकार म्हणजे पात्रता. गंमत पाहा, या कायद्याने पात्रता कशावर ठरविली? पदवीवर नाही, पैशावर नाही, वक्तृत्वावर तर नाहीच. तुमचे लेकरू त्या शाळेत बसते ना, मग तुम्ही अधिकारी. या हिशेबाने आज मी अनधिकारी आणि त्या बाई अधिकारी. ज्या दिवशी माझा अधिकार होता, त्या दिवशी मी तो नाकारला.

तरी दुसऱ्या दिवशी मी माझा जुना आक्षेप त्यांच्यापुढे मांडून पाहिला. महाभारतात कर्णपर्वात अर्जुनाच्या तोंडून धर्मराजाचा अपमान होतो. पश्चात्तापाने तो स्वतःचाच वध करावयास निघतो. तेव्हा भगवान त्याला म्हणतात, तलवार कशाला? स्वतःची स्तुती कर, म्हणजे आत्मवध झालाच! "बाई, मते मागायची म्हणजे स्वतःची स्तुती आली. त्याचे काय?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "महाराज, आम्ही तांदूळ निवडतो. दाणा काय उठून सांगत नाही, मला घ्या म्हणून. पण खडाबी सांगत नाही, मला काढा म्हणून. नीट बघितलं नाही तर तो राहतोच, आणि लेकराचा दात जातो."

यावर मी काय बोलणार? घरी जाऊन विचार करू लागलो, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातले मंगळवेढे आठवले. दामाजीपंतांचे आख्यान मी किती वेळा लावले असेन! दुष्काळात बादशहाचे कोठार त्यांनी उपाशी लोकांना खुले केले, आणि विठू महार होऊन देवाने बिदरला पैसे भरले. देव पैसे भरतो त्या प्रसंगाला श्रोते डोळे पुसतात, आणि आम्ही कीर्तनकारही तेथेच आळवीत राहतो. परंतु कोठार उघडायला किल्ली हातात लागते. पंत कारभारावर होते म्हणून ती किल्ली त्यांच्या कमरेला होती. 'मी भक्त, मला कारभार नको' असे म्हणून ते घरी बसते, तर किल्ली दुसऱ्या कुणाच्या कमरेला असती. (मात्र समितीच्या सभासदाने पंतांची हुबेहूब नक्कल करू नये. परस्पर कोठार उघडण्याचे ते दिवस गेले. आता आधी ठराव लिहावा लागतो.)

तरीही मागण्याचा संकोच उरतोच. पंतांना मते मागावी लागली नव्हती. त्याचे उत्तर मला सकाळी पूजेला बसल्यावर मिळाले. आपण संकल्प सोडतो, तेव्हा काय करतो? देश सांगतो, काल सांगतो, गोत्रासह स्वतःचे नाव सांगतो, आणि अमुक कर्म मी करीन असे म्हणतो. नाव उच्चारले म्हणून कुणी त्याला आत्मस्तुती म्हणत नाही. का? कारण तेथे 'मी कसा थोर' हे नसते. 'मी हे करण्यास बांधलो' हे असते. स्तुतीने माणूस श्रोत्यांना ऋणी करू पाहतो, संकल्पाने स्वतःच ऋणी होतो. पालकसभेत 'मी चांगली, मी माळकरी' असे म्हटले तर अर्जुनाचा आत्मवध. 'मुलींच्या संडासाला कडी नाही, ती मी बसवून घेईन, नाही झाली तर मला विचारा' असे म्हटले तर तो संकल्प. आणि संकल्प मनातल्या मनात करून चालत नाही, तो उच्चारावा लागतो.

हे मी बाईंना सांगितले. त्यांनी लगेच दुसरे मागितले. "मग उद्या काल्याला दोन शब्द माझ्यासाठी बोला. निम्मे पालक कीर्तनाला असतात."

खरे सांगतो, मोह झाला. माझ्या शब्दाने वीस हात वर आले असते. पण नारदाच्या गादीवरून मते मागू लागलो, तर उद्या त्याच गादीवर आमदारकीचा उमेदवार बसेल, आणि टाळकरी कोणत्या पक्षाचे हे मोजावे लागेल. काही ठिकाणी तसे होऊ लागलेच आहे, आणि ते मला मुळीच पसंत नाही. मी नाही म्हणालो. बाईंचे तोंड उतरले. त्या काल्याला आल्या, पण बोलल्या नाहीत.

पालकसभेची हकीकत मागाहून कळली. आदल्या रात्री काही मंडळींनी पारावर बसून नावे ठरविली होती आणि 'बिनविरोध होऊ द्या, भांडण कशाला' असा आग्रह चालला होता. आपल्याकडे बिनविरोध हा शब्द फार सात्त्विक वाटतो. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच, की कुणाला विचारलेले नाही. बाई उठल्या, स्वतःचे नाव सांगितले, कडीचे सांगितले आणि खाली बसल्या. हात मोजावे लागले. त्या निवडून आल्या. त्या दिवशीची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, हे त्यांनी नंतर हसत सांगितले.

कार्तिकीहून परतल्यावर त्या पुन्हा भेटल्या. या वेळी हातात मुलीची वही होती. मागल्या सभेचे इतिवृत्त सहीसाठी पुढे आले, तेव्हा त्यांनी ते लेकीकडून वहीत उतरवून घेतले होते. "मला भरभर वाचता येत नाही, महाराज. तुम्ही वाचा."

मी चष्मा घातला. पहिलाच ठराव कडीचा होता. 'कडी बसविण्यात आली', असे लिहिले होते.

"बसली का?" मी विचारले.

"कागदावर बसली," त्या म्हणाल्या, "दारावर उद्या बघून येते. मग सही."

मी दुसरा ठराव वाचावयास घेतला.